बाथमधलं रांगेतलं जुनं घर घेताना: खिडकीआधी रांग वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंग्लंडमधल्या बाथ शहरात, १७९० च्या दशकात एकमेकींना चिकटून बांधलेल्या जॉर्जियन (म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या) घरांच्या रांगेत दुसरा मजला आणि त्यावरची माळ्याची खोली, असा फ्लॅट तुम्ही दोघं घेताय. इमारत लिस्टेड, म्हणजे कायद्यानं संरक्षित वारसा आहे, ग्रेड दोन. सर्वेअरच्या अहवालात एकेरी काचेच्या सॅश (वरखाली सरकणाऱ्या) खिडक्या, पॅरापेटमागची (छपराच्या कडेच्या कठड्यामागची) पन्हळ, सामाईक भिंतीतली धुराडी, एक आंधळी खिडकी (चौकट आहे पण आत भिंतच) असं बरंच काही आलंय आणि त्यातून नेमकं काय घ्यायचं ते उमगत नाही. डबल ग्लेझिंग बसवता येईल का, पुढची आणि मागची खोली मिळून एक मोठी खोली करता येईल का, आणि समोरून सगळं इतकं एकसारखं राखायचा हट्ट कशासाठी, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी बावीस वर्षं इथल्या आणि लंडनच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते. अनुभवावरून सांगते, तुमचा तिसरा प्रश्न आधी घ्यायला हवा. त्याचं उत्तर नीट कळलं की पहिले दोन बरेचसे आपोआप सुटतात. घर घेताना माणूस आपल्या चार भिंतींपुरता विचार करतो. इथे मात्र तुमच्या चार भिंतींपैकी दोन शेजाऱ्यांच्याही आहेत, दर्शनी भिंत सगळ्या रांगेची आहे आणि डोक्यावरचं पाणी कुठून कुठे जातं हे खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छताशी निगडित आहे. एका लांबलचक इमारतीचा उभा काप केला आणि त्यातला वरचा तुकडा तुमच्या वाट्याला आला, असं समजा.

ही रांग अशी का झाली, ते आधी. वास्तुविशारद थोरले जॉन वुड यांनी १७२८ मध्ये बाथमधल्या क्वीन स्क्वेअरचं काम हाती घेतलं तेव्हा सगळी घरं स्वतः बांधायला लागणारं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी जमीन ९९ वर्षांच्या लीजवर घेतली, दर्शनी भाग कसा हवा ते पक्कं ठरवलं आणि एकेका घराची जागा वेगवेगळ्या बांधकाम करणाऱ्यांना पोटलीजवर दिली. अट एकच: रस्त्याकडचा भाग नकाशाप्रमाणे. मागे ज्याला जसं परवडेल, ज्याचं गिऱ्हाईक जसं मागेल, तसं त्यानं बांधावं. म्हणून स्क्वेअरच्या उत्तर बाजूची सात घरं मिळून एक राजवाडा दिसतो. मधोमध वर त्रिकोणी शिरोभाग, म्हणजे पेडिमेंट, दोन्ही टोकं जरा पुढे आलेली. आत मात्र सात वेगळी कुटुंबं, सात वेगळे जिने.

त्यांचा मुलगा, धाकटे जॉन वुड, यानं हीच युक्ती रॉयल क्रेसेंटमध्ये टोकाला नेली. १७६७ ते १७७५ च्या दरम्यान तीस घरं एका अर्धलंबवर्तुळात उभी राहिली. साध्या, बिननक्षीच्या तळमजल्यावर पहिल्या मजल्यापासून आयोनिक या प्राचीन ग्रीक शैलीचे ११४ खांब चढतात. मधल्या घरापाशी खांब जोडीनं येतात आणि त्यांच्यामध्ये कमानीची खिडकी आहे. सगळ्या रांगेत 'हे मध्य' असं सांगणारी खूण तेवढीच. दारंसुद्धा मुद्दाम साधी ठेवली आहेत, कारण दार नटलं असतं तर प्रत्येक घर स्वतःकडे लक्ष वेधू लागलं असतं. तुम्ही तिथे जाल तेव्हा समोरून फोटो काढून परत फिरू नका. वळसा घालून मागे जा. मागे छपरं वरखाली, कुठे बाहेर आलेली खोली, कुठे रबल दगडाची ओबडधोबड भिंत, खिडक्या कशाही. समोर करार होता, मागे नव्हता.

मला ही मागची बाजू मनापासून आवडते. घराचं खरं वय, खरा पैसा आणि खऱ्या गरजा तिथे दिसतात.

तुमच्या घराचं दशकही महत्त्वाचं आहे. १७८० च्या दशकाच्या शेवटी बाथमध्ये बांधकामाचा उन्माद होता. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं, इथली बँक बुडाली आणि बांधकामं जागच्या जागी थांबली. थॉमस बाल्डविन आणि जॉन एव्हली हे दोन मोठे वास्तुविशारद त्यात दिवाळखोर झाले. एव्हलींचं कॅम्डेन क्रेसेंट अर्धवटच राहिलं, पण त्याचं कारण पैशाइतकंच जमिनीचंही होतं. उतारावरची माती सरकली आणि पूर्वेकडचं टोक कधी पूर्ण झालंच नाही. त्यामुळे जे पेडिमेंट मध्यावर यायचं ते आज एका बाजूला कललेलं वाटतं. शिवाय त्याखाली पाच खांब आहेत, म्हणजे ऐन मध्यावर मोकळ्या जागेऐवजी खांब. शास्त्राच्या हिशेबानं ही चूकच. पण मी तिथून जाते तेव्हा दर वेळी थांबते, कारण ही रांग कागदावर कशी होती आणि जमिनीनं तिचं काय केलं हे दोन्ही एकदम दिसतं. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की १७९३ च्या आसपास सुरू झालेलं घर कधी पूर्ण झालं, एकाच हातानं झालं की काम दोनतीन वर्षं उघडं पडून राहिलं, हे तपासण्यासारखं आहे. तुमच्या रांगेची लिस्टिंगची नोंद सगळ्यांना पाहता येते. तिथून सुरुवात करा.

आता दर्शनी भिंत. बाथचा दगड हा मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड. शहराजवळच्या कोम्ब डाउनच्या खाणींतला दगड खाणमालक राल्फ अॅलन यांनी शहरभर नेला. ताजा काढलेला दगड मऊ असतो, करवतीनं कापता येतो, म्हणून इतकी सफाईदार घडाई परवडली. पण हा घडीव दगड सहसा दर्शनी भिंतीपुरताच असतो. भिंत बाहेरून दिसते तेवढी जाड घडीव दगडाची नसते. घडीव चिऱ्यांचा थर पुढे आणि पाठीमागे साधा दगड किंवा विटा. या भिंतीत पाणी शिरतं आणि चुन्याच्या सांध्यांतून परत बाहेर पडतं. चुना दगडापेक्षा मऊ असतो, झिजतो तो चुना आणि दगड वाचतो. कुणी सांधे सिमेंटनं भरले की हिशेब उलटतो: पाणी सांध्यातून निघू शकत नाही, ते दगडातून निघतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सुरुवातीच्या वर्षांत मी अशी एक भिंत 'कोरडी दिसतेय' म्हणून पास केली होती. सांधे नुकतेच सिमेंटनं भरलेले होते. चार हिवाळ्यांनंतर त्याच भिंतीच्या चिऱ्यांच्या कडा हातानं निघत होत्या. तेव्हापासून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीच्या सांध्यात आधी किल्लीचं टोक घालून पाहते. चुना खरवडला जातो, सिमेंट खरवडलं जात नाही. दर्शनी भिंतीला रंग लावण्याचा विचार असेल तर याच कारणानं सोडून द्या. प्लास्टिकचा रंग म्हणजे भिंतीला रेनकोट, आणि ओल आत कोंडलेली.

मजल्यांची उंची समोरून खिडक्यांवरून ओळखता येते. पहिला मजला मानाचा, पाहुण्यांना बसवायचा, म्हणून तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. तुमचा दुसरा मजला झोपायच्या खोल्यांचा. खिडक्या बुटक्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या. छताच्या कडेची नक्षी साधी किंवा नाहीच. त्यात काही 'काढून टाकलंय' असं समजू नका, बहुधा कधी नव्हतंच. माळ्यावर नोकर झोपत आणि तळघरात स्वयंपाकघर असे. रस्ता आणि तळघर यांच्यामधला उघडा खड्डा, ज्याला इथे एरिया म्हणतात, तो तळघराला उजेड देण्यासाठी. फुटपाथखाली कोळशाच्या कमानदार कोठ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी रस्ता जमिनीवर नसून या कोठ्यांवर भर घालून उंचावलेला आहे. मागची बाग एक मजला खाली वाटते, ती खरी मूळ जमीन. तुमचा फ्लॅट वर असल्यामुळे याचा रोजचा संबंध नाही, पण कोठ्यांच्या दुरुस्तीचा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये येतो का हे वकिलाला विचारा.

आंधळ्या खिडकीबद्दल. सगळे सांगतात की खिडक्यांवरच्या करामुळे ती बुजवली. तो कर खराच होता, १६९६ ते १८५१ पर्यंत, आणि काही खिडक्या खरंच त्यासाठी बुजवल्या गेल्या. पण रांगेतल्या पुष्कळशा आंधळ्या खिडक्या पहिल्या दिवसापासून आंधळ्याच होत्या. बाहेरून ओळ जुळायला तिथे खिडकी हवी होती आणि आत त्याच जागी धुराडं किंवा आडवी भिंत आली होती. ओळखायची कशी? चौकटीच्या आतला दगड शेजारच्या भिंतीच्या थरांशी जुळत असेल, आतून भिंतीत चौकटीची किंवा झडपांची काहीच खूण नसेल, तर ती मूळचीच. अशी खिडकी 'उघडून' उजेड मिळवायचा बेत करू नका. मागे धुराडं निघालं तर परवानगी तर जाईलच, भिंतही जाईल.

तुमचा पहिला प्रश्न, खिडक्या. इथे मी जरा रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

सॅश खिडकी म्हणजे वरखाली सरकणाऱ्या दोन चौकटी. बाजूच्या लाकडी पेटीत लोखंडाची किंवा शिशाची वजनं लोंबतात, दोरी कप्पीवरून जाते. वजन काचेच्या चौकटीला तोलतं, म्हणून एवढी जड खिडकी दोन बोटांनी उघडते. लंडनमध्ये १६६६ च्या आगीनंतर लाकूड दर्शनी भागातून हळूहळू मागे ढकललं गेलं: १७०९ च्या कायद्यानं खिडकीची चौकट भिंतीत चार इंच आत गेली आणि १७७४ च्या कायद्यानं बाजूची पेटी भिंतीमागे लपली. हे कायदे लंडनचे, बाथचे नव्हेत. पण फॅशन तिथूनच यायची. त्यामुळे तुमच्या घराच्या काळात बाहेरून फक्त लाकडाची बारीक रेघ दिसते. काचा विभागणाऱ्या आडव्याउभ्या पट्ट्याही तोवर खूप बारीक झाल्या होत्या, साधारण दीड सेंटिमीटर. शतकाच्या सुरुवातीच्या पट्ट्या त्याच्या दुप्पट जाड. तुमच्या चौकटींना खालच्या कोपऱ्यात शिंगासारखे दोन तुकडे पुढे आलेले असतील, तर त्या चौकटी व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, बदललेल्या. मोठ्या जड काचा आल्या, मधल्या पट्ट्या गेल्या, म्हणून सांध्याला जोर द्यायला ती शिंगं.

आता समजा साधं डबल ग्लेझिंग बसवायचं ठरवलं. दोन काचा आणि मधली पोकळी दीड सेंटिमीटरच्या पट्टीत मावत नाही. मग पट्टी जाड होते, किंवा एकच मोठी काच बसवून वरून खोट्या पट्ट्या चिकटवतात. काचेचं वजन वाढतं, जुनी वजनं पुरत नाहीत. आणि समोरून, तीस खिडक्यांच्या ओळीत, तुमच्या दोन खिडक्या वेगळ्या चमकतात. जुनी काच किंचित लाटांची असते, त्यात समोरचं झाड हलताना दिसतं. नवी काच आरशासारखी सपाट. म्हणून कौन्सिलचा संवर्धन अधिकारी नाही म्हणतो, तो केवळ नियमाचा बाऊ नसतो.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. काचा मूळच्या असतील तर त्या काढायचा विषय सोडा. चौकटी विसाव्या शतकातल्या, काच साधी नवी असेल, तर सहासात मिलिमीटर जाडीची व्हॅक्यूम ग्लेझिंगची (दोन काचांमधली हवा काढून टाकलेली) काच बारीक पट्टीतही बसवता येते आणि मागच्या बाजूला परवानगी मिळण्याची शक्यता बरी असते. पण मी माझ्या गिऱ्हाइकांना क्रम असा सांगते. आधी खिडकी दुरुस्त करा. दोऱ्या बदला, रंगानं चिकटलेले सांधे मोकळे करा, कडांना ब्रशची पट्टी बसवा. थंडी काचेतून येते असं आपल्याला वाटतं, पण अंगावर येतो तो वारा, आणि तो फटींतून येतो. मग झडपा शोधा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळकं दिसत असेल तर त्याच्या मागे घडीच्या झडपा बहुधा अजून आहेत, कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी रंग मारून बंद केलेल्या. एका घरात आम्ही आठ झडपा अशा सोडवल्या. त्या घरच्या आजी डिसेंबरच्या रात्री झडपा लावून बसल्या आणि हीटर कमी करायला उठल्या. एवढ्यानं भागलं नाही, तर आतल्या बाजूनं दुसरी काच, सेकंडरी ग्लेझिंग, हा तिसरा पर्याय. ती बसवताना झडपा बंद होतील एवढी जागा सोडा आणि बाहेरची सॅश अगदी हवाबंद करू नका, नाहीतर दोन काचांमध्ये दव धरतं.

दुसरा प्रश्न, पुढची-मागची खोली एक करण्याचा. भिंतीवर टकटक केली की पोकळ आवाज येतो, म्हणून कंत्राटदार सांगतो की ही नुसती पार्टिशन आहे, काढून टाकू. जॉर्जियन घरात हे वाक्य फार धोक्याचं. आत तिरपे वासे घालून केलेली लाकडी कैची असू शकते, आणि तिच्यावर वरचा मजला टेकलेला असतो, कधी खालचा तिला टांगलेला असतो. शिवाय दोन खोल्यांचा आराखडा हाच या घरांचा सांगाडा आहे: पुढे एक, मागे एक, बाजूला जिना. तो मोडायला परवानगी क्वचित मिळते. दोन खोल्यांमध्ये रुंद दुपाखी दार मात्र काही घरांत मूळचंच असतं, बुजवलेलं सापडलं तर ते उघडणं हा चांगला मार्ग.

धुराड्यांनाही हेच लागू. सामाईक भिंतीत प्रत्येक मजल्याच्या शेगडीचं स्वतंत्र धुराडं वर जातं. म्हणून छपरावर चिमणीची एवढी नळकांडी रांगेनं दिसतात, तेवढ्या खोल्यांत कधीकाळी आग पेटत होती. तुमच्या मजल्यावर चिमणीचा भिंतीतून पुढे आलेला भाग जागा अडवतो म्हणून कापला, तर वरचं सगळं बांधकाम हवेत राहतं. मी एकदा असं पाहिलंय: खालच्या मालकानं कित्येक वर्षांपूर्वी तो भाग काढला होता, वर दोन मजल्यांची चिमणी एका फळीवर होती. सामाईक भिंत कापणं किंवा तिच्यातली चिमणी काढणं असं काही करायचं तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. लिस्टिंगची परवानगी आणि ही नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही.

दगडी जिना असेल तर त्याचीही एक गंमत. पायऱ्या एका बाजूनं भिंतीत थोड्याशाच रोवलेल्या असतात, दुसरी बाजू मोकळी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकून आपला भार खाली पोचवते. म्हणून पाइपसाठी एखाद्या पायरीला छेद देणं म्हणजे साखळीची कडी तोडणं.

इथवरचं थोडक्यात: काचांचं वय ठरवा, झडपा शोधा, मधली भिंत आणि चिमणी इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय हात लावू नका.

परवानगीबद्दल दोन गोष्टी. लिस्टिंग फक्त दर्शनी भागाला असतं हा मोठा गैरसमज आहे. ते पूर्ण इमारतीला असतं, आतून, मागून, जिन्यासकट. होतं तसंच्या तसं दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो गुन्हा आहे. आणि तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं: आधीच्या मालकानं बिनपरवानगी केलेलं काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, तिला मुदत नसते. म्हणून माळ्यावरची स्कायलाइट, नवं बाथरूम, काढलेली दारं, यांचे कागद विक्रेत्याकडून खरेदीआधीच मागा. परवानगीच्या बाबतीत मोठमोठ्यांनाही वाट पाहावी लागते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते लंडनचं १० किंग हेन्रीज रोड हे घरही अशाच, पण व्हिक्टोरियन, रांगेतलं. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये घेतलं. राहत्या घराचं स्मारक करायला कॅम्डेन कौन्सिलनं नकार दिला आणि ब्रिटिश सरकारकडून मान्यता मिळायला २०२० उजाडलं. तो वाद वापर बदलण्याचा होता, लिस्टिंगचा नव्हता, पण रांगेत घर घेतलं की शेजारी आणि कौन्सिल दोघंही तुमच्या निर्णयात असतात, हे त्यातून कळतं.

शेवटी छप्पर, कारण माळ्याची खोली तुमची आहे. समोरून छप्पर दिसू नये म्हणून दगडी पॅरापेट उंच केलेला असतो. त्याच्यामागे शिशाचा पत्रा घातलेली पन्हळ. बऱ्याच घरांत छपराला पुढचा आणि मागचा असे दोन उतार-चढाव असतात, इंग्रजी 'एम' अक्षरासारखे, आणि मधल्या घळीतही पाणी जमतं. ते पाणी दर्शनी भिंतीवर नळ दिसू नये म्हणून कधीकधी माळ्याच्या आतून, लाकडी पेटीतल्या पन्हळीतून मागे नेलेलं असतं. पाचोळ्यानं किंवा कबुतराच्या घरट्यानं ती तुंबली की पाणी थेट तुमच्या छतात, आणि तिथून भिंतीत रोवलेल्या तुळयांच्या टोकांत. तुळईचं टोक कुजतं ते दिसत नाही, फरशी जराशी उतरती झाल्यावर कळतं.

सर्वे उन्हाळ्यात झाला असेल तर त्यात हे नसेल. म्हणून व्यवहार पक्का करण्याआधी एका पावसाळी दिवशी, पाऊस चालू असताना, विजेरी घेऊन माळ्यावर जा. पुढच्या भिंतीजवळच्या कपाटांत आणि छताच्या उतरत्या कोपऱ्यांत हात फिरवून ओल पाहा, लाकडी पेटीसारखी आडवी पट्टी दिसली तर तिला कान लावा. पाणी वाहताना ऐकू आलं तर उत्तम. पाऊस आहे आणि आवाज नाही, तर पन्हळ साफ कोण करतं, शेवटची कधी केली आणि शिसं किती साली बदललं, एवढं फ्रीहोल्डरकडून (जमीन आणि इमारतीच्या मूळ मालकाकडून) लेखी घ्या. ती तीन उत्तरं आणि खिडक्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवलेत तर काचांच्या वयाबद्दल मी नक्की काहीतरी सांगू शकेन.